न्हाणीघराचा उलटा उतार

आमचे सर माणूस म्हणून वाईट नाहीत, पण त्यांच्या हाती शाल आणि नारळ देऊ नये. समोर जो दिसेल त्याचा ते सत्कार करतात. सर म्हणजे माझे यजमान. खापरखेड्याच्या शाळेत त्यांनी उभा जन्म मराठी शिकवलं, त्यामुळे सगळी वस्ती त्यांना सर म्हणते. मीही सरच म्हणते, आणि रागात असले की जरा जास्तच म्हणते. पोस्टमनची बदली झाली, सत्कार. शेजारच्या मुलीला नोकरी लागली, सत्कार. एकदा तर दूधवाल्याने नवी म्हैस घेतली म्हणून यांनी शाल काढली होती. मी कपाटाची किल्ली कमरेला खोचली, म्हणून ती म्हैस वाचली.

सर निवृत्त झाल्यावर आम्ही नागपुरात बेसा भागात छोटा प्लॉट घेऊन घर बांधायला काढलं. ठेका कोणाला द्यायचा, यावर मी म्हटलं की दोन-चार जणांची कामं आधी पाहू. तेवढ्यात सरांचा एक जुना विद्यार्थी आला. तो आता ठेकेदार झाला होता. फटफटीवरून उतरला आणि सरळ सरांच्या पाया पडला. तिथेच माझ्या लक्षात आलं की ठेका गेला.

"मराठीत किती मार्क पडायचे याले?" तो गेल्यावर मी विचारलं.

"मराठीत कच्चा होता," सर म्हणाले, "पण मनाचा निर्मळ."

निर्मळ मनाने भिंती उभ्या राहत नाहीत, हे मी बोलले नाही. बोलले असते तरी काही उपयोग नव्हता.

ठेकेदाराचं बोलणं गोड. "काकू, तुम्ही काहीच टेन्शन नका घेऊ. एकदम मक्खन काम करून देतो." पण त्याचं एक काम मिहानकडे चालू, दुसरं कन्हानला, आणि तिसरं आमचं. तो बसायचा भलतीकडेच आणि फोनवरून आमचं घर बांधायचा. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. फोन कानाला लावून मिस्त्री विटा लावत होता हे मी या डोळ्यांनी पाहिलं आहे.

या घरात माझ्या सासूबाईंनी एकच गोष्ट मागितली होती. त्या मूळच्या उमरेडच्या, विणकरांच्या घरातल्या. त्यांच्या माहेरी दहाबारा माणसांत एक मोरी, आणि तिला आडोसा म्हणून जुनं लुगडं. सासरी तेच. पुढे मुलाच्या क्वार्टरमध्ये आल्या, तर तिथे सकाळी रांग आणि बाहेरून कोणीतरी सतत ओरडणारं, "आजी, झालं का?" नव्या घराचा नकाशा पाहून त्या म्हणाल्या, "मले देवघर मोठं नको, खोली मोठी नको. माह्यं एकटीचं न्हानीघर पायजे बाप्पा. तिथी मले कोनी हाका मारू नये." ऐंशी ओलांडलेल्या बाईची आयुष्यातली पहिली मागणी. आम्ही त्यांच्या खोलीला लागून, हॉलकडे दार असलेलं, त्यांचं स्वतंत्र न्हाणीघर काढलं.

वास्तूच्या दिवशी व्हायचं तेच झालं. पूजा आटोपली, पंगत उठायला लागली आणि सरांनी शाल काढली. त्या दिवशी किल्ली देवापुढे ठेवली होती, ही माझी चूक. ठेकेदार हात जोडून उभा, सर माइक घेऊन उभे. आमच्याकडे घरगुती कार्यक्रमालाही माइक लागतो. भाषण चालू असतानाच हॉलमधली सतरंजी एका बाजूने ओली झाली. न्हाणीघरातल्या नळावर हात धुणाऱ्या पोरांनी पाणी सांडलं असेल म्हणून मी पोरांना झापलं. पोरं बिचारी म्हणत होती, आम्ही नाही. त्यांच्यावर कोण विश्वास ठेवतो?

दुसऱ्या दिवशी सासूबाई पहिल्यांदा आपल्या न्हाणीघरात आंघोळीला गेल्या आणि पाणी हॉलमध्ये आलं. जाळीकडे जायचं सोडून दाराकडे आलं, दाराखालून बाहेर पडलं आणि सोफ्याखाली जाऊन बसलं. फरशीचा उतार उलटा होता. कोपऱ्यातली जाळी इतकी उंचावर की न्हाणीघरातली तीच एक कोरडी जागा. सासूबाईंनी साबण तिथे ठेवायला सुरुवात केली. मी पाटबंधारे खात्यात कारकुनी केलेली बाई. पाणी कुठून कुठे जावं याच्या फायली वागवत केस पांढरे झाले, आणि माझ्याच घरात पाणी टीव्ही बघायला येत होतं.

ठेकेदाराला फोन केला. "काकू, कोनाले तरी पाठवतो," म्हणाला. कोणीतरी आला आणि दाराशी सिमेंटचा एक जाड उंचवटा घालून गेला. आता पाणी बाहेर येईना. जाळीकडेही जाईना. ते दाराजवळच तळं करून राहू लागलं, साबणाच्या फेसासकट. ते ओलांडल्याशिवाय बाहेर येता येत नव्हतं, आणि एक दिवस सासूबाई घसरल्या. नशीब बलवत्तर म्हणून पाण्याने भरलेल्या टबात बसल्या. लागलं काही नाही, फक्त प्लास्टिकच्या मगाचा कान तुटला. त्यांना टबातून काढायला सर, मी आणि शेजारीण असे तिघं लागलो, आणि त्या सगळा वेळ ओरडत होत्या, "डोये मिटा रे सगळे! डोये मिटून काढा!"

डोळे मिटून ऐंशीच्या बाईला टबातून काढणं सोपं नसतं. सरांनी आधी माझाच हात ओढला.

त्यानंतर ठेकेदार फोनच उचलेना, आणि सासूबाईंना एकटं सोडणं शक्य नव्हतं. मी साडी खोचून आत उभी राहायची, एका हाताने त्यांचा दंड धरायचा आणि दुसऱ्याने पाणी घालायचं. त्या भिंतीकडे तोंड करून बसायच्या. दिवसभर माझ्याशी मीठ जास्त झालं, कणीक सैल झाली, दूध पुन्हा का तापवलं यावर भांडणाऱ्या बाई त्या वेळी एक शब्द बोलत नसत. पाठ तेवढी ताठ. मला त्यांचं भांडण परवडतं, पण ते गप्प बसणं सोसवत नव्हतं.

मग त्यांनी आंघोळ टाळायला सुरुवात केली. एक दिवसाआड. मग दोन दिवसांआड. मी विचारलं तर म्हणाल्या, "आज थंडी वाजून राहिली मले."

मे महिना होता. नागपूरचा मे. बाहेर माणसं तोंडाला दुपट्टा गुंडाळून फिरत होती, कूलरमध्ये टाकलेलं पाणी तासाभरात संपत होतं आणि आमच्या सासूबाई शाल पांघरून थंडी वाजते म्हणून बसल्या होत्या. कपाळावरून घाम चालला होता. मी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी खिडकीकडे पाहिलं. माझं डोकं फिरलं ते तिथे.

"सर," मी स्वयंपाकघरातूनच ओरडले, "आपण ग्राहक आयोगात जाऊन राहिलो."

"विद्यार्थ्यावर फिर्याद?" सर पेपर खाली ठेवून म्हणाले. "आपल्या गुरुशिष्य परंपरेत..."

"तुमच्या परंपरेत पाणी कुठं जाते हो? जाळीकडे का सोफ्याखाली?"

सरांनी कपाटातून कोरे कागद काढले. मग त्यांनी तक्रार लिहायला घेतली. सुरुवात 'पाणी म्हणजे जीवन' पासून होती आणि चौथ्या पानापर्यंत न्हाणीघर आलंच नव्हतं. मी ते सगळं बाजूला ठेवलं आणि सरकारी पद्धतीने साधा अर्ज लिहिला. काम खराब आहे, उतार उलटा आहे, पैसे परत नकोत, फरशी फोडून उतार नीट करून द्यावा. खाली दोघांच्या सह्या. सरांनी सही करताना मोठा सुस्कारा टाकला.

तारीख मिळाली. आम्ही सिव्हिल लाइन्सकडे जाऊन पोहोचलो. वकील केला नव्हता, मीच बोलणार होते. पाठ करून आले होते. आयोगाच्या दारासमोर गर्दी, आणि गर्दीतून ठेकेदार आला. सोबत त्याचा वकील. ठेकेदाराने सरांना पाहिलं आणि भर व्हरांड्यात वाकून त्यांच्या पायांना हात लावला.

आणि सरांचा उजवा हात आपोआप वर गेला. "यशस्वी हो, बाळा."

मी बघतच राहिले. कोर्टकचेरीच्या दारात, आपल्याच विरुद्ध उभ्या असलेल्या माणसाला! तो माझ्याही पायांकडे वळला तेव्हा मी पाय मागे घेतले ते मागच्या एका बाईच्या डब्यावर पडले. तिची पोळीभाजी सपाट झाली. तिची माफी मागेपर्यंत आमचा पुकारा झाला.

आत अध्यक्षबाई आणि दोन सदस्य बसलेले. ठेकेदाराचा वकील उठला आणि पहिलंच वाक्य बोलला, "मॅडम, तक्रारकर्त्याने आत्ताच दारात आमच्या पक्षकाराले यशाचा आशीर्वाद दिलेला आहे."

अध्यक्षबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "हे खरं आहे?"

सर उभे राहिले. खोटं बोलणं त्यांच्या रक्तात नाही, आणि थोडक्यात बोलणंही नाही. "दिला, मॅडम. पायाशी आलेल्याला रिकाम्या हाताने पाठवू नये, हा आमच्यावरचा संस्कार. माझे वडील म्हणत असत की..."

"मग तक्रार मागे घ्यायची आहे का?"

"आशीर्वाद यांचा आहे, मॅडम," मी उठून म्हणाले. "तक्रार माझी आहे."

एका सदस्यांनी खोकल्याचं निमित्त करून रुमाल तोंडाशी धरला. पुढची तारीख पडली. घराशी ऑटोतून उतरल्यावर मी सरांना एवढंच सांगितलं की पुढच्या वेळी दोन्ही हात कुर्त्याच्या खिशात ठेवायचे आणि मी सांगेपर्यंत काढायचे नाहीत.

पुढच्या वेळी त्यांनी ठेवले. ठेकेदार पुन्हा पाया पडला. सरांनी हात खिशातच दाबून धरले, पण तोंडाला खिसा नसतो. "सुखी राहा" निघालंच. मी म्हटलं, चला, यश तरी नाही दिलं.

त्या दिवशी ठेकेदाराच्या वकिलाने मोठा डाव काढला. म्हणाला, "मॅडम, काम इतकं उत्तम होतं की तक्रारकर्त्याने स्वतः शंभर लोकांसमोर आमच्या पक्षकाराचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. याचा व्हिडिओ आम्ही पुरावा म्हणून दाखल केला आहे." वास्तूच्या दिवशी ठेकेदाराच्या एका माणसाने तो फोनवर काढला होता. नवऱ्याच्या भाषणामुळे आजवर जेवणं थंड झाली, एक बस चुकली, एका लग्नाचा मुहूर्त जाता जाता राहिला. आता न्हाणीघरही जाणार.

लॅपटॉप अध्यक्षबाईंकडे वळवला गेला. आम्हालाही दिसत होता. पडद्यावर सर माइक धरून उभे. शेजारी ठेकेदार शाल पांघरून, मान खाली. सरांचा आवाज त्या खोलीत घुमला: "माझ्या या विद्यार्थ्याने भिंती नाही बांधल्या, माणसं बांधली! याच्या कामात एक थेंब इकडचा तिकडे होणार नाही!"

वकील हसून आमच्याकडे बघत होता. मी मात्र पडद्यावर सरांच्या मागे बघत होते. मागे खुर्च्यांची रांग होती. पहिल्या खुर्चीवर सासूबाई. 'एक थेंब' ऐकता ऐकता त्यांनी खाली पाहिलं आणि दोन्ही पाय वर घेतले. मग शेजारच्या नणंदबाईंनी घेतले. मग पुढच्या मामांनी. सर बोलत होते, टाळ्या पडत होत्या आणि मागे एकेक पाहुणा शिस्तीत पाय वर घेत चालला होता. एका जाड्या काकांना पाय उचलता येईनात, त्यांनी निदान चपला उचलून मांडीवर घेतल्या. आणि मग पानांचा एक रिकामा द्रोण सरांच्या मागून, डावीकडून उजवीकडे, संथपणे तरंगत गेला.

"थांबवा," अध्यक्षबाई म्हणाल्या. "जरा मागे घ्या. तो द्रोण कुठून आला?"

वकिलाने मागे घेतलं. द्रोण न्हाणीघराच्या दाराकडून आला होता. दाराखालून पाणी येत होतं, ते स्पष्ट दिसत होतं. आणि भाषणाच्या मध्येच सासूबाईंचा आवाज, अगदी खणखणीत: "हे पानी कुठून येऊन राहिलं वं?"

त्यावर माझा आवाज: "पोट्ट्यांनी सांडलं असेल, आई."

आता रुमाल दोन्ही सदस्यांच्या तोंडाशी होते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, ते या वकिलाने पेन ड्राइव्हवर आणून दिलं होतं. त्याने लॅपटॉप मिटायला हात लावला तर अध्यक्षबाई म्हणाल्या, "राहू द्या. भाषण पुरं होऊ द्या." बहुधा आजवर सरांना एवढी मोठी दाद कोणी दिली नसेल. ते नकळत ताठ बसले.

मग मला बोलायला सांगितलं. मी घरून मुद्दे पाठ करून आणले होते. उताराचं प्रमाण, जाळीची उंची, कायद्याचं कलम. पण तोंडातून ते काही निघालं नाही. मी एवढंच म्हणाले की माझ्या सासूबाई तिथे पडल्या, तेव्हापासून त्यांची आंघोळ मी घालते, आणि त्यांना ते सहन होत नाही म्हणून त्या भर मे महिन्यात आपल्याला थंडी वाजते असं सांगत होत्या. बाकी मला काही म्हणायचं नाही.

खोलीतलं हसू गेलं. ठेकेदाराने मान वर केली. "आजी पडल्या?" त्याने सरांना विचारलं. "मले कोनी सांगितलंच नाही, सर."

"तू फोन उचलतोस का?" हे मी विचारलं, आणि जोरात विचारलं. अध्यक्षबाईंनी मला बसायला सांगितलं.

पण काम झालं होतं. ठेकेदाराने आपल्या वकिलाला बाजूला सारलं आणि म्हणाला की तो फरशी काढून पुन्हा करून देईल. अध्यक्षबाईंनी ते तिथेच लिहून घेतलं, दोघांच्या संमतीने आदेश केला, आणि वरून एक ओळ घातली की काम चालू असताना ठेकेदाराने स्वतः जागेवर हजर राहावं. फोनवर नव्हे, हेही त्या तोंडी म्हणाल्या.

तो खरंच आला. रंगाच्या उपड्या डब्यावर बसून राहिला. सासूबाईंनी आपली खुर्ची त्याच्यासमोर टाकली. फरशी फुटली, धूळ घरभर झाली, माझ्या लोणच्याच्या बरणीवरही बसली, आणि दिवसभर दोघांचं चालू.

"इकडं अजून खाली घे गा."

"घेतलं, आजी."

"कुठी घेतलं? माह्या डोयाले दिसून नाही राहिलं."

"आजी, तुमच्यापेक्षा ती कोर्टाची मॅडम बरी होती."

"मग जाय तिच्याकडे. तिच्या घरी कर फरशी."

तो हसायचा, त्याही हसायच्या. मला राग यायचा, कारण मी अजून त्याच्यावर चिडलेली होते आणि चहा मात्र मलाच करावा लागत होता. शेवटच्या दिवशी त्याने बादलीभर पाणी ओतलं. पाणी क्षणभर थांबलं आणि मग गुमान जाळीकडे निघून गेलं. सर घसा साफ करू लागले, तेव्हा मी त्यांना तर्री-पोहे आणायला पिटाळलं.

फरशी पक्की व्हायला काही दिवस गेले. मग एका सकाळी सासूबाई लुगडं, टॉवेल, साबण असं सगळं खुर्चीवर काढून ठेवू लागल्या. मी सवयीने साडी खोचली आणि त्यांच्या मागोमाग निघाले. त्या दारात वळल्या.

"तू कुठी घुसून राहिली वं?"

"आई, पहिल्याच दिवशी मी..."

"मी का लहान पोरगी आहो? हो बाजूले."

दार लागलं. मी बाहेर उभी राहिले. सरही येऊन उभे राहिले. आतून पाणी पडल्याचा आवाज येत होता. भराभर नाही, सावकाश, एकेक तांब्या. खूप वेळ. कोणी हाक मारली नाही. मला इतकं बरं वाटलं की रडू आलं, आणि थोडं रिकामंही वाटलं. हाताला काही काम नव्हतं. इतके महिने त्यांच्या पाठीवरचा तीळ न तीळ माझ्या ओळखीचा झाला होता आणि आता तो मला पुन्हा दिसणार नव्हता. सरांना काहीतरी बोलायचं होतं, पण शब्दच सापडत नव्हते, हे मी लग्नानंतर पहिल्यांदा पाहिलं.

"अवं," आतून आवाज आला, "टॉवेल बाहेरच राहिला. दे इकडं. आत पाहू नको."

दार वीतभर उघडलं आणि ओला हात बाहेर आला. मी टॉवेल दिला. देता देता, रोजच्या सवयीने, तो हात मी मनगटाशी धरला.

"सोड वं आता," त्या म्हणाल्या.

मी सोडला.